शहाण्णव टक्के आणि सुनंदाची गिरणी

माझ्या मेहुण्याचं मोबाइलवरच्या जुगाराचं व्यसन मी पावणेदोन तासांत सोडवलं. यात बढाई नाही. त्याच पावणेदोन तासांत माझं सुरू झालं.

मी लातूरला एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवतो. आमच्या गावात गणिताच्या सराला काय मान असतो, हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. लांबलांबच्या तालुक्यांतली पोरं वळकटी घेऊन येतात, खोली करून राहतात, डबा लावतात, आणि आम्ही त्यांच्याकडून मागच्या पंधरा वर्षांचे पेपर सोडवून घेतो. मग तेच परत सोडवून घेतो. थोडक्यात हुकलेल्यांना आम्ही घरी पाठवत नाही. ‘एक वर्ष परत बस, यंदा होतंयच’ असं सांगून त्यांची रिपीटर नावाची वेगळी बॅच करतो आणि वेगळी फी घेतो. मागचे पेपर नीट पाहिले की पुढचा पेपर कळतो, ही माझी बावीस वर्षांची श्रद्धा. (अंधश्रद्धा घालवणारी मंडळी माझ्याकडं कधी फिरकली नाहीत, कारण माझ्या नावापुढं एम.एस्सी. आहे.)

तर एका रविवारी सकाळी हदगावहून सासऱ्यांचा फोन आला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा तीस वर्षं बाजार समितीत मापाडी होते. कापूस, तूर, सोयाबीन, जे काट्यावर चढेल ते त्यांनी मोजलं आणि पुकारलं. त्यामुळं ते फोनवर हळू बोलले तरी शेजारच्या घरात कळतं. त्यांनी सांगितलं की बालाजी, म्हणजे माझा मेहुणा, दुकानात बसून मोबाइलवर चित्रं फिरवतो, आणि चित्रं फिरली की पैसे जातात. बालाजीचं जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. पण आता लोकांच्या मोटारी पोटं फाडलेल्या अवस्थेत पडून होत्या आणि हा चित्रं फिरवत होता. मामांनी रागावून पाहिलं होतं. मामींनी जेवण सोडून पाहिलं होतं, दोन वेळचं.

“सर, तुमी गणितातले हाव,” मामा म्हणाले. “तुमीच येऊन समजावून सांगा. आमचं त्यो ऐकून न्हाई राहिला.”

मामा मला सर म्हणतात. ज्याला सख्खा सासरा सर म्हणतो त्या माणसाला घरी बसवत नाही. मी आणि माझी बायको सुनंदा पुढच्या गाडीनं निघालो.

बालाजीच्या दुकानात मोटारीच्या खोक्याचा पुठ्ठा मी भिंतीला टेकवला आणि त्याचा फळा केला. आधी त्याच्याच मोबाइलवर तो खेळ नीट पाहिला. पाच चाकं शेजारी शेजारी. त्यांवर माणिक, घंटा, आंबा, सात, लिंबू अशी चित्रं. बटण दाबलं की चाकं फिरतात, थांबतात, आणि एका ओळीत सारखी चित्रं आली की पैसे. मी पुठ्ठ्यावर लिहून लिहून सांगितलं, की ही चाकं चाकं नाहीतच. तू बटण दाबतोस त्या क्षणी आत एक आकडा निघतो आणि निकाल लागतो. चित्रं नुसती तो निकाल वाचून दाखवतात, तीही सावकाश, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागावा. मागचा डाव काय होता हे त्याला आठवत नाही. पुढचा काय येणार हे त्यालाही ठाऊक नाही.

बालाजीनं सगळं ऐकून घेतलं. वर्गातली पोरं ऐकत नाहीत इतकं शांतपणे ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

“म्हंजी दाजी, मागं मी किती हरलो ते त्याला ठाऊकच न्हाई?”

“नाही.”

“मला वाटायचं, आता लई दिवस घेतलेत, तर कधीतरी लाजून देईल.” मग त्यानं माझ्यासमोर ते ॲप काढून टाकलं, हात पुसले आणि एक मोटार पुढ्यात ओढली.

झालं! मामींनी धपाटे केले. मामांनी गल्लीत जाऊन सांगितलं की सरांनी पोराला दुपारच्या दुपारी माणसात आणलं. सुनंदा गाडीत माझ्याकडं लग्नानंतर एकदोनदाच बघितलं असेल तशा नजरेनं बघत होती. इथं ही गोष्ट संपायला हवी होती. मी थोडा कमी शिकलेलो असतो तर संपलीही असती.

पण ते शिकवण्यासाठी मला खेळाचं माहितीचं पान वाचावं लागलं होतं, आणि त्यात तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं: परतावा शहाण्णव टक्के. बालाजीला मी त्याचा अर्थ अगदी बरोबर सांगितला होता. लाखो लोकांचे लाखो डाव धरले तर शंभरातले सरासरी चार रुपये यंत्र ठेवून घेतं, आणि एकट्यादुकट्याचं काय होईल याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. बालाजीला ते पटलं. मला मात्र नांदेडला गाडी बदलेपर्यंत त्यात भलतंच दिसायला लागलं. शहाण्णव टक्के! अहो, लातूरला शहाण्णव टक्के पडलेल्या पोराचा फोटो चौकात लागतो. त्याच्या आईबापांना स्टेजवर बसवतात. बावीस वर्षं ज्या आकड्यापुढं मी मान झुकवत आलो, तो आकडा ज्याला पडतो त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि राहिलेले चार टक्के? चार टक्के आम्ही रिव्हिजनमध्ये वाढवून देतो. लोहा गाव मागं पडल्यावर मी ते ॲप घेतलं आणि अहमदपूर यायच्या आत खातं उघडलं. सुनंदा शेजारी खिडकीला डोकं लावून झोपली होती.

त्या खेळात सरावाची सोय होती. खोटे पैसे, खरे डाव. मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि मोकळ्या तासाला निकाल उतरवायला लागलो. मागचे पेपर जमवल्याशिवाय मी कशालाच हात घालत नाही. स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांना वाटलं मी पुस्तक लिहितोय. मी तसंच वाटू दिलं.

दहाबारा दिवसांनी मामा डोळे दाखवायला लातूरला आले आणि राहिले. रजिस्टर त्यांच्या नजरेला पडलंच. मी म्हणालो, बालाजी पुन्हा त्या नादाला लागू नये म्हणून मुळापासून संशोधन चाललंय, आणि हे सगळे खोटे पैसे आहेत. तेव्हा ते खरंच खोटे होते. मामांचा ऊर भरून आला. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. तीस वर्षं काट्याजवळ बसून नोंदी केलेला माणूस, त्यांच्यापुढं माझं अक्षर म्हणजे लाजच होती. मग मी डाव टाकायचे आणि मामांनी पुकारून लिहायचे, असा आमचा दुपारचा क्रम सुरू झाला. पुकारल्याशिवाय त्यांना लिहिता येत नसे. “माणिक, आंबा, लिंबू, गेऽलं! घंटा, घंटा, सात, गेऽलं!” समोरच्या काकू दोनदा दारात येऊन विचारून गेल्या, की तुमच्याकडं लिंबं काय भावानं आहेत. (डॉक्टरांनी मामांना डोळ्यांना विश्रांती द्यायला सांगितली होती.)

मामांच्या नजरेतून काही सुटत नसे. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “सर, ह्यो वीस घेतो, आठ देतो, अन् वाजवतो केवढं! बारा रुपये गेले की आपले. मंग ढोल कशाचा?”

प्रश्न इतका बरोबर होता की मला राग आला. हरलेल्या डावावर जिंकल्यासारखं संगीत वाजवणं, ही त्या खेळातली मोठी कारागिरी. ती एका मापाड्यानं चार दिवसांत पकडली आणि एम.एस्सी.नं मान हलवून ‘पुढं लिहा’ सांगितलं. आणखी एक होतं. ओळीत माणिक, माणिक, माणिक, माणिक यायचे आणि पाचवा माणिक थोडा दिसून खाली सरकायचा. मामा म्हणायचे, गेलं. मी म्हणायचो, थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकलेल्याला काय सांगायचं, हे मला बावीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. परत बस. यंदा होतंयच.

मामा हदगावला परत गेले तोवर रजिस्टर निम्मं भरलं होतं. मी लाल पेन घेऊन बसलो आणि पॅटर्न शोधला. लागोपाठ दोन डावांत घंटा पहिल्या चाकावर आली की सातव्या डावाला पैसे येतात. एकोणीसपैकी अकरा वेळा! मी त्याभोवती लाल चौकोन केला आणि वर लिहिलं, अति महत्त्वाचं. आता आकड्यांच्या ढिगाऱ्याकडं पुरेसा वेळ टक लावून पाहिलं तर त्यात आपल्या आजोबांचा चेहरासुद्धा दिसतो, हे मी दरवर्षी जूनमध्ये पोरांना शिकवतो. त्या दिवशी जून नव्हता.

पहिल्यांदा खरे पाचशे टाकले. अठराशे झाले. काढून घेतो म्हटलं, तर चहा उकळायच्या आत बँकेत जमा! इतका प्रामाणिक व्यवहार मी आयुष्यात पाहिला नव्हता. येताना जिलबी घेऊन आलो. सुनंदानं विचारलं, कशाची? मी म्हणालो, जादा तास घेतला. तिनं विचारलं, कशावर? मी म्हणालो, संभाव्यतेवर. तेवढं तरी खरं होतं.

आता सुनंदाच्या गिरणीचं सांगायला हवं. ते सांगायचं मी इतका वेळ टाळत होतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आमच्या भागात दळणाची सोय नाही. बायका डबे घेऊन रेल्वे रुळापलीकडं जातात, तासभर ताटकळतात, आणि येताना कुणाचं तरी ज्वारीत गहू मिसळलेलं पीठ घेऊन येतात. सुनंदानं हे तीन वर्षं पाहिलं आणि ठरवलं, की आपल्या पुढच्या खोलीत गिरणी टाकायची. चांगली मोठी, दगडाची. शेवया-कुरडया करून ती भिशी भरत होती. त्या महिन्यात तिचा नंबर लागला आणि चाळीस हजार हातात आले. नांदेडच्या दुकानात गिरणी पाहून ठेवलेली होती. दुकानदाराला पैसे ऑनलाइन हवे होते, म्हणून तिनं ते माझ्या खात्यात भरले.

“तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “माझ्याकडं ऱ्हायले तर मोडत्याल.”

हे वाक्य ती खरोखर बोलली. मी रचलेलं नाही. माझी तेवढी लायकी नाही.

तोवर माझे स्वतःचे पैसे, म्हणजे ते अठराशे आणि त्यांच्या मागोमाग गेलेला दीड पगार, त्या यंत्रात जिरले होते. पॅटर्न चुकीचा आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटलं, भांडवल कमी पडतंय. आणि नेमका तेव्हाच ॲपवर निरोप आला, की प्रिय ग्राहक, चाळीस हजार भरा, आम्ही आमचे चाळीस हजार घालतो. सुनंदाच्या भिशीचा आकडा त्यांना कसा कळला, याचं मला नवल वाटलं. (भरलेल्या रकमेइतकीच भर घालण्याची ती योजना होती, चाळीस हजार ही तिची मर्यादा होती आणि ती सगळ्यांनाच येत होती. पण जुगाऱ्याला सगळी पत्रं आपल्याच नावानं आलेली वाटतात.) मी ठरवलं, की दोन दिवसांत चाळीसचे साठ करायचे, दुकानदाराला गिरणीचे पाठवायचे आणि वर सुनंदाला पीठ चाळायचं यंत्र घेऊन द्यायचं. म्हणजे हे सगळं मी तिच्यासाठी करत होतो. चोराला एवढा मोठेपणा वाटू नये, पण वाटला. चाळीस हजार मी ॲपमध्ये भरले. दुकानदाराला पैसे पाठवले, असं तिला संध्याकाळच्या चहाला सांगितलं.

सुनंदानं दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि पुढच्या खोलीत गिरणीसाठी सिमेंटचा चौथरा बांधून घेतला.

आणि मी जिंकायला लागलो! तीन दिवसांत पडद्यावर एक लाख बारा हजार दिसत होते. रिकाम्या वर्गात मी फळ्याला टेकून उभा राहिलो आणि मला रडू आलं. मग शांतपणे ‘पैसे काढा’ दाबलं. पैसे आले नाहीत. निरोप आला, की प्रिय ग्राहक, योजनेच्या अटीप्रमाणे आपले अजून पुष्कळ डाव खेळायचे बाकी आहेत.

कसल्या अटी? त्या पहिल्या दिवसापासून तिथंच होत्या. तुमचे चाळीस आणि आमचे चाळीस मिळून ऐंशी हजार. त्याच्या पस्तीसपट रकमेचे डाव खेळल्याशिवाय एक रुपयाही काढता येणार नाही. ‘प्रश्न दोनदा वाचा, मगच पेन उचला’ हे माझं वाक्य क्लासच्या जिन्यात रंगवून लावलेलं आहे. मी तो प्रश्न एकदाही वाचला नव्हता. पस्तीस गुणिले ऐंशी हजार, म्हणजे अठ्ठावीस लाख. शिक्षकाला अठ्ठावीस लाखांचा जुगार खेळायचा होता, तोही सुट्टी न घेता.

मी खेळलो. आठ दिवस. मधल्या सुट्टीत खेळलो, रिक्षात खेळलो, पोरांना पेपर सोडवायला बसवून टेबलाखाली खेळलो. आता घंटा, माणिक, लाल चौकोन काही राहिलं नव्हतं. नुसतं बटण दाबायचं होतं. ॲपमध्ये मदतीला एक बाई होती, निदान नाव बाईचं होतं. तिला मी सविस्तर पत्र लिहिलं, की मी शिक्षक आहे, गैरसमज झालेला आहे, कृपया सहकार्य करावे. तिनं उत्तर दिलं, ‘आपल्या आनंदातच आमचा आनंद.’ घरी आलो की सुनंदा चौथऱ्यावर गोणपाट ओलं करून टाकत असायची. सिमेंट पक्कं व्हायला पाणी लागतं. ती सकाळ-संध्याकाळ मारत होती. मी ओल्या चौथऱ्याला वळसा घालून आत जायचो आणि तोंड धुवायच्या निमित्तानं दार लावून बटण दाबायचो.

आठव्या दिवशी अठ्ठावीस लाखांची अट पुरी व्हायला आली आणि त्याच्या जरा आधी पैसे संपले. शून्य. मग मी पहिल्यांदा कागद घेतला आणि जे गणित पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. यंत्र शंभराला चार घेतं. अठ्ठावीस लाखांचे चार टक्के किती? एक लाख बारा हजार. बरोबर तेवढेच माझ्याकडं होते. बावीस वर्षांत इतकं स्वच्छ, काटेकोर, एक पैसा इकडं तिकडं न होणारं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. यंत्रानं मला फसवलं नव्हतं. शहाण्णव टक्के म्हणजे काय, हे त्यानं आधीच लिहून दिलं होतं, आणि मी तर ते बालाजीला समजावूनसुद्धा सांगितलं होतं.

शनिवारी गिरणी यायची होती. सकाळीच सुनंदा नांदेडला गेली. हदगावहून बालाजी येणार होता, मोटार तपासून घ्यायला, आणि मामा येणार होते, त्यांना चुकवता येत नाही म्हणून. तिघं टेम्पोत बसून गिरणीसकट परत येणार होते. मी घरी बसून दहा कारणं तयार करत होतो. बँकेचं सर्व्हर बंद, दुकानदाराचा खातेक्रमांक चुकला, असली. दुपारी चारला दार वाजलं. तिघं एसटीनं आले होते.

सुनंदा चप्पल काढून आत आली, पाणी प्यायली आणि बाहेर येऊन उभी राहिली. दुकानदारानं तिला पैसे आलेच नाहीत म्हणून सांगितलं होतं. त्यानं गिरणी आदल्या दिवशी मुदखेडच्या कुणाला तरी दिली होती. हे तिनं मला सांगितलं नाही, बालाजीनं सांगितलं. मी तयार केलेलं एक कारण बोलायला तोंड उघडलं. पण मामांच्या नजरेला कोपऱ्यातलं रजिस्टर पडलं, त्यांनी ते उचललं, आणि मागच्या पानांवर माझ्या अक्षरातल्या रकमा वाचल्या. त्या पानांवर खोटे पैसे नव्हते. मामा खाली बसले.

“माझ्या अक्षरात हाय की हे निम्मं,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेजारी ऐकू गेला नाही.

बालाजी बाहेर जाऊन उभा राहिला. माझी लाज त्याला बघवेना. त्याच्या जागी मी असतो तर मी पुठ्ठा मागवला असता.

सुनंदा म्हणाली, “बालाजीला सांगितलं तसं मला सांगा. कसं चालतं ते.”

मी सांगितलं. चौथऱ्यावर बसून सांगितलं. आकडा आत निघतो, चित्रं नुसती दाखवायला. हरलेल्या डावालाही वाजतं. शंभरातले चार ठेवून शहाण्णव परत देतं, म्हणून वाटतं की फार जात नाही. पण ते शहाण्णव आपण परत टाकतो, त्यातलेही चार टक्के जातात. आधी सगळं देतं असं वाटतं, मग सगळं जातं. मी फार चांगलं शिकवलं त्या दिवशी. इतकं मुद्देसूद मी कधी शिकवलं नव्हतं.

तिनं पूर्ण ऐकलं.

“म्हणजे घट,” ती म्हणाली. “गिरणीत दळण टाकलं की थोडं पीठ आत ऱ्हातं, ती घट. एकदा दळलं तर कुणाच्या डोळ्यावर येत न्हाई. तुमी तेच पीठ शंभरदा दळलं अन् डबा रिकामा का झाला म्हणून बघत बसलात.”

मी मान हलवली.

“मला ठाऊक होतं की हे. घट गिरणीवाल्याची असती,” ती म्हणाली. “म्हणून तर मला गिरणी घ्यायची होती. तुमी माझे पैसे नेऊन दुसऱ्याच्या गिरणीत दळायला टाकले.”

मग मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि चौघांचा स्वयंपाक करायला लागली. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते फार स्वस्तात सुटल्यासारखं होईल. मला बावीस वर्षांच्या प्रत्येक पोराची शरम वाटली, ज्याला मी ‘परत बस’ म्हणालो होतो. पण त्याहून जास्त त्या ओल्या चौथऱ्याची वाटली.

पुढचं थोडक्यात. सुनंदानं पुन्हा भिशी धरली. सव्वा वर्षानं बालाजीनं कुठूनशी एक जुनी गिरणी शोधून आणली, तिची मोटार स्वतः भरली आणि मजुरी घेतली नाही. आता गिरणी सकाळी सातला सुरू होते, आणि बायका डबे घेऊन रुळापलीकडं जात नाहीत. पैशाला हात सुनंदाचा. माझ्याकडं बटणाचा फोन आहे, त्यावर फक्त फोन येतात. क्लास सुटला की मी गिरणीत बसून डबे उचलतो, पीठ झाडतो आणि कुणाचं ज्वारीचं आणि कुणाचं गव्हाचं हे लक्षात ठेवतो. एवढं काम मला विश्वासानं दिलेलं आहे.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई दळण घेऊन आल्या, आणि सोबत नवऱ्याला घेऊन आल्या. नवरा एका सहकारी संस्थेत लेखापाल, चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला. बाईंनी सुनंदाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. नवऱ्याच्या हातात मोबाइल होता आणि त्यातून बारीक आवाजात ढोल वाजत होता. मी पीठ झटकून उभा राहिलो. समजावून सांगायची माझी पूर्ण तयारी होती. पुठ्ठासुद्धा जवळच होता.

सुनंदानं मला हातानंच थांबवलं. ती त्यांना म्हणाली, “भाऊ, हिकडं बघा. हे आमचे मालक. गणितात एम.एस्सी. हायत.” आणि ती वळून दळण टाकायला लागली.

लेखापालांनी माझ्याकडं पाहिलं. भुवयांवरचं पीठ पाहिलं, खिशातला बटणाचा फोन पाहिला, काखेतला दुसऱ्याच्या ज्वारीचा डबा पाहिला. मग त्यांनी आपला मोबाइल बायकोच्या हातात दिला.

माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात यशस्वी लेक्चर. त्यात मला फक्त उभं राहायचं होतं.